संशोधक, शाळा आणि मधला केंद्रप्रमुख

मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याच्या हरियाणातल्या एका प्रयोगाबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. प्रयोग २०१२-१३ सालचा, म्हणजे तसा जुना. अर्थशास्त्राच्या नियतकालिकांत त्यावर भरपूर लिहून झालं आहे. पण माझ्या ओळखीच्या शिक्षकांत, विस्तार अधिकाऱ्यांत, केंद्रप्रमुखांत तो कुणालाच ठाऊक नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो प्रयोग ज्याच्या खांद्यावर उभा राहिला तो आमच्याच पदाचा माणूस होता. हरियाणात त्याला एबीआरसी म्हणत, आपल्याकडे केंद्रप्रमुख म्हणतात.

मी जव्हार तालुक्यात आधी शिक्षिका होते, मग केंद्रप्रमुख झाले, आता निवृत्त आहे. माझी भाची पुण्यात शिक्षणशास्त्रात पीएचडी करते. तिच्या विषयाच्या निमित्तानं तिनं मला त्या प्रयोगावरचा निबंध पाठवला. इंग्रजी जड, त्यात आकडेमोड. मग रविवारी दुपारी फोन लावून आम्ही तो परिच्छेद-परिच्छेद करत वाचला. ती मला अर्थ सांगायची आणि मी तिला सांगायची, की हे जे लिहिलंय ते प्रत्यक्ष शाळेत कसं दिसतं.

शाळेच्या बाहेरच्या वाचकांसाठी आधी हे पद काय असतं ते सांगते. जिल्हा परिषदेच्या साधारण दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं. त्या शाळांना भेटी द्यायच्या, वर्गात बसायचं, शिक्षकांना शिकवण्यात मदत करायची आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बोलावून शिक्षण परिषद घ्यायची, हे कागदावरचं काम. प्रत्यक्षात पोषण आहाराचे हिशेब, यू-डायसची माहिती, आधारची जुळणी आणि ‘आज पाचच्या आत पाठवा’ म्हणून आलेले तक्ते यांतच दिवस जातो. पुष्कळ पदं वर्षानुवर्षं रिकामी असतात, मग एकाच माणसाकडे दोन केंद्रांचा पदभार येतो. तरीही वर्गाच्या दारापर्यंत नियमित जाणारा आणि तालुक्याच्या कार्यालयातही नियमित बसणारा माणूस अख्ख्या खात्यात हा एकच आहे.

आता गोष्ट. ती हरियाणात पोचते, पण सुरू होते आपल्या मुंबईत.

महापालिकेच्या शाळांमध्ये तिसरी-चौथीत गेलेली पण वाचता न येणारी मुलं होती. नव्वदच्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं त्यांच्यासाठी बालसखी नावाचा उपक्रम काढला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, दहावीपर्यंत शिकलेली मुलगी. तिला थोडं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती वर्गातून बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी अशी पायाची कामं करून घ्यायची. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत या उपक्रमाचं मोजमाप केलं. याच बॅनर्जी-डुफ्लोंना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडली आणि ती निष्कर्षातली नाही, आखणीतली आहे. असे अभ्यास चिठ्ठ्या टाकून करतात. काही शाळांना उपक्रम मिळतो, काहींना मिळत नाही, आणि शेवटी दोघांची तुलना होते. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण ज्या शाळेची चिठ्ठी निघत नाही, तिच्या मुख्याध्यापकाला तोंड द्यायला संशोधक थांबत नाही, केंद्रप्रमुख थांबतो. “आमच्या पोरांनी काय घोडं मारलं होतं?” हा प्रश्न मी ऐकलेला आहे. वडोदऱ्यात त्यांनी काय केलं, तर एका गटातल्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली आणि दुसऱ्या गटाला चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. तुलना करायला दोन्हीकडे वर्ग मिळाले आणि रिकाम्या हाताची शाळा एकही राहिली नाही. शाळांशी खरंच बोलणं झालं असेल तरच अशी आखणी सुचते असं मला वाटतं. संशोधनाला शाळेत घेताना पहिला प्रश्न मी हाच विचारते, की ज्यांच्या वाट्याला काही येणार नाही त्यांचं काय ठरवलंय.

निष्कर्षही चांगले होते. दुसऱ्या वर्षाअखेर सुधारणा ०.२८ प्रमाण विचलन इतकी भरली. संशोधकांच्या मापात ही चांगली मोठी सुधारणा आहे, असं भाचीनं सांगितलं. पण मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. मागे पडलेली मुलं बालसखीकडे गेली की मूळ वर्ग लहान होतो, तेव्हा तिथे उरलेल्या मुलांनाही फायदा व्हायला हवा. तो झाला नाही. सगळी सुधारणा बालसखीकडे गेलेल्या मुलांचीच होती. म्हणजे नुसता पट कमी करून काही साधलं नाही. मूल जिथे आहे तिथून त्याला शिकवायला सुरुवात केली, याचा फरक पडला. आपण वर्षानुवर्षं पटसंख्येवर बोलत आलो आहोत. छोट्या शाळा टिकाव्यात म्हणून मीही बोलले आहे आणि पुढेही बोलेन. पण वीस मुलांच्या वर्गात गुरुजी अठरा मुलांना न समजणारं पान वाचून दाखवत असतील, तर वीस आणि चाळीस यांत त्या अठरांसाठी काय फरक?

त्यानंतर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. आलेली मुलं चांगली शिकली, पण गरज असलेल्यांपैकी फार थोडी आली. तेव्हा ठरलं की हे सरकारी शाळेच्या आतच न्यायचं, सरकारी शिक्षकांकडूनच करून घ्यायचं.

इथून पुढचा भाग प्रत्येक प्रशिक्षण विभागाच्या भिंतीवर लावावा असा आहे.

बिहारमध्ये २००८ च्या जून महिन्यात, उन्हाळी सुटीत, सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली. तिसरी ते पाचवीची मागे पडलेली मुलं, स्तरानुसार गट, साधे खेळ, गोष्टी, तक्ते. मुलं सुधारली. मग शाळा सुरू झाल्या. शिक्षकांना त्याच पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं, साहित्य मिळालं, आणि वर्षभरात जवळजवळ काहीच बदललं नाही. उत्तराखंडमध्येही तेच. तिथे तर मदतीला स्वयंसेवक दिले होते, पण शाळांनी त्यांना रोजच्या वर्गावर घेऊन टाकलं. ते जादा शिक्षक झाले आणि मूळ काम बाजूला राहिलं. बिहारमध्ये स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घेऊन बसले, तिथे फरक दिसला.

जूनमध्ये ज्यांना जमलं, त्याच राज्यातल्या सरकारी शिक्षकांना सप्टेंबरमध्ये का जमेना? शिक्षक आळशी आहेत, हे उत्तर जूनच्या शिबिरानंच खोटं पाडलं. संशोधकांना जे उत्तर सापडलं ते शाळेतली कुठलीही बाई चहा पिता पिता सांगेल: अभ्यासक्रम. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक पुढे सरकवायचं असतं, घटक संपवायचे असतात, तपासणीला येणारा माणूस विचारतो ‘कितवा पाठ चालू आहे’. ‘कोण कुठे अडलंय’ असं कुणी विचारत नाही. आणि तो विचारणारा माणूस कोण, तर मी. केंद्रप्रमुखाच्या भेटीच्या नमुन्यात जे रकाने असतात, तेच शिक्षक वर्षभर डोळ्यांपुढे ठेवतो. शिक्षकाला दिलेलं प्रशिक्षण आणि केंद्रप्रमुखाच्या हातातला नमुना वेगवेगळं बोलत असतील, तर नमुना जिंकतो.

हरियाणात हीच गाठ सोडवली गेली. तिथला अभ्यास चारशे शाळांमधला होता. तिथे तीन गोष्टी एकत्र केल्या. दिवसातला एक तास फक्त या कामासाठी राखून ठेवला, त्या तासाला पाठ्यपुस्तक नाही. तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता विसरून वाचनाच्या स्तरानुसार बसवलं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच: शिक्षकांना प्रशिक्षण देण्याआधी एबीआरसींना प्रशिक्षण दिलं, आणि त्यांनी शाळेत जाऊन पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांना त्या पद्धतीनं शिकवलं. मगच त्यांनी आपल्या शिक्षकांना शिकवलं आणि नंतर वर्गांना भेटी दिल्या. वर्षाअखेर हिंदी वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली. गणितात दिसली नाही. पण सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, शाळेचीच वेळ आणि सरकारीच पर्यवेक्षक, असं असूनही काम झालं. त्याच सुमारास त्याच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही, म्हणजे वर्षभर नोंदी ठेवून मुलाचं मूल्यमापन करण्याच्या पद्धतीचाही, अभ्यास झाला. त्याचा मुलांच्या शिकण्यावर काही परिणाम आढळला नाही. महाराष्ट्रात त्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी रात्री जागून ज्यांनी लिहिल्या आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

(पुढे उत्तर प्रदेशात दहा-दहा, वीस-वीस दिवसांची शिबिरं घेतली गेली, एकूण पन्नासेक दिवस. तिथला परिणाम हरियाणापेक्षाही बराच मोठा आला. पण ती शिबिरं संस्थेच्या माणसांनी चालवली होती, म्हणून इथे त्यावर जास्त लिहीत नाही.)

पंधरा-वीस दिवस स्वतः शिकवणं. भाचीला हा तपशील किरकोळ वाटला होता. “मावशी, हा तर प्रशिक्षणाचाच भाग झाला ना?” मी तिला म्हटलं, नाही गं, हीच तर किल्ली आहे.

मी माझ्याच केंद्रातल्या एका दोन शिक्षकी शाळेत सलग काही दिवस तिसरी-चौथीचा एक गट घेऊन बसायचे. गट म्हणजे अक्षरं ओळखता येणारी पण शब्द जोडता न येणारी मुलं. वारली आणि कोकणा घरांतली. हातच्याच्या वजाबाकीसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करायच्या आणि मग त्यातून काढायच्या. मुलं गठ्ठा सोडायची बरोबर, पण पाटीवर लिहिताना दशकातला एक कमी करायचं विसरायची. काड्यांचं गणित आणि पाटीवरचं गणित त्यांच्या मनात दोन वेगळी कामं होती. हे मला कुठल्याही भेटीत दिसलं नसतं, कारण भेटीत मी मागच्या बाकावर बसून वही तपासते. पुढच्या परिषदेत मी हे मांडलं तेव्हा एरवी गप्प बसणाऱ्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, माझ्याकडे पण हेच होतं, मी काय करते सांगू का?” त्यांनी पाटीवर रकाने आखून त्या रकान्यांतच काड्या ठेवायला लावल्या होत्या. त्यानंतर तासभर तिथे फक्त वजाबाकी चालली. ज्यानं स्वतः वर्ग घेतलाय त्याच्यासमोर शिक्षक आपली अडचण बोलून दाखवतो. नुसत्या तपासनिसासमोर अडचण कबूल करणं म्हणजे शेरा ओढवून घेणं, हे प्रत्येक शिक्षकाला कळतं.

संशोधक जेव्हा शिक्षण खात्याशी ‘भागीदारी’ करतात तेव्हा करार वर होतो. आयुक्तालय किंवा जिल्हा परिषद आणि विद्यापीठ किंवा संस्था यांच्यात. चाचण्या खाली होतात, मुलांवर. मधल्या माणसाला पत्र येतं: अमुक पथक येत आहे, सहकार्य करावे. या ‘सहकार्य करावे’च्या पलीकडे त्याला काहीच सांगितलेलं नसतं. मग तो काय सहकार्य करणार? शाळेचा रस्ता दाखवतो.

एकदा असंच एक पथक आमच्या केंद्रात आलं होतं. टॅब घेऊन आलेली चांगली, नम्र मुलं होती. दोन दिवस चाचण्या घेतल्या. एका गुरुजींनी शेजारी बसून स्वतःच्या वहीत टिपून ठेवलं होतं की आपलं कोणतं मूल कोणत्या प्रश्नाला अडलं. त्यांना ते पथकाच्या निकालाशी ताडून बघायचं होतं. निकाल गोपनीय आहे, अहवाल आल्यावर कळेल, असं उत्तर मिळालं. अहवाल आमच्यापर्यंत आलाच नाही. बऱ्याच वर्षांनी भाचीनं तो इंटरनेटवरून शोधून दिला. आमच्या शाळा त्यात संकेतांक होऊन आल्या होत्या. मुलांची नावं उघड करू नयेत हे मला मान्य आहे, करूच नयेत. पण ज्या शिक्षकाची ती मुलं आहेत त्याला ती कुठे अडतात हे कळण्यात कुणाचं गुपित फुटतं? तोवर ती मुलं सातवी ओलांडून गेली होती.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलटा आहे. एका अभ्यासगटाची माणसं चाचणी घेण्याआधी आमच्या परिषदेला आली. चाचणीचा मसुदा त्यांनी शिक्षकांपुढे ठेवला. वाचनाचा उतारा होता बागेतल्या कारंज्यावर. आमच्या शिक्षकांनी तिथेच सांगितलं, की मूल हा उतारा वाचेल पण यातलं काही त्याच्या डोळ्यांपुढे येणार नाही, आणि तुम्ही लिहाल की आकलन कमी. एकानं सुचवलं, आधी मुलाला गोष्ट ऐकवा आणि घरच्या बोलीत परत सांगायला लावा, मग वाचायला द्या, म्हणजे समजत नाहीये की प्रमाण मराठीत बोलता येत नाहीये ते वेगळं कळेल. गटानं ते ऐकलं, चाचणी बदलली. चाचणीनंतर प्रत्येक शाळेला एक-एक पानाचा साध्या मराठीतला निकाल दिला. पहिलीतल्या ज्या मुलांना आम्ही ‘काहीच येत नाही’च्या रकान्यात टाकत होतो त्यांतली कितीतरी मुलं बोलीत पूर्ण गोष्ट क्रमानं सांगत होती. त्या एका पानावर आमच्या तीन परिषदा झाल्या.

बोलीचा आणि पुस्तकी भाषेचा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या संशोधकांनी फार पूर्वी ओळखला होता, हे मला नंतर कळलं. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. ते जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत गेले, मुंबईत महापालिका शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम केलं. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच मुलांची वाट अडवते असं त्यांना दिसलं आणि त्यांनी पाठांची भाषा सोपी करून पाहिली. आमच्या जवळच वाडा तालुक्यात, आणि कर्नाटकात यादगीरला, पहिली ते तिसरीपर्यंत तीन वर्षं त्याच मुलांचा मागोवा घेत वाचन-लेखनाचा अभ्यास झाला, मराठी आणि कन्नड दोन्हींचा. वाड्यात तो ‘क्वेस्ट’ या सोनाळ्याच्या संस्थेच्या सोबतीनं झाला. अशा लांब पल्ल्याच्या अभ्यासाचं मला मोल वाटतं. एका दिवसाच्या चाचणीत मूल एका रकान्यात जाऊन बसतं. तीन वर्षांत ते कुठून कुठे गेलं हे दिसतं.

आणि मधल्या माणसाचं महत्त्व सगळ्यात आधी ज्यांना उमगलं असं मला वाटतं ते होशंगाबादवाले. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत (सहावी ते आठवी) विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांच्या पुढाकारानं. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ सुटीत येऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे. १९७८ मध्ये तो अख्ख्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेनं तो सांभाळला. याच कार्यक्रमात १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन गेलेले अरविंद गुप्ता आठवडी बाजारात हिंडले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांधे करून भूमितीचे आकार बनवायला लागले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांची खेळणी आपल्याकडच्या किती मुलांनी हाताळली आहेत!

पण मला खेळण्यांपेक्षा तिथल्या मासिक बैठकीचं मोल जास्त वाटतं. जिल्हाभर पसरताना त्यांनी संगम केंद्रं केली. आजूबाजूच्या शाळांचे विज्ञान शिक्षक दर महिन्याला तिथे जमायचे, कोणता प्रयोग वर्गात फसला ते सांगायचे, पुढच्या पाठाची तयारी करायचे. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकातले पाठ शिक्षकांच्या आणि मुलांच्या अनुभवावरून बदलत गेले. शाळांना भेटी देऊन वर्गात मदत करायचं काम, ज्याला ते अनुवर्तन म्हणायचे, त्यात शिक्षकही होते. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडं ठेवून लिहायची लेखी परीक्षा आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोग. हे सगळं शासनाच्या आदेशानं, शासनाच्या शाळांत. २००२ मध्ये राज्य शासनानं हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका निर्णयात थांबलं, याचं दुःख तिथल्या लोकांना आजही असणार. पण तीस वर्षं! आपल्याकडचे किती उपक्रम अधिकाऱ्याच्या बदलीनंतर तीन महिने टिकतात? मंत्री आणि अधिकारी बदलत राहिले तरी ते काम इतकं टिकलं, यात मला त्या महिन्याच्या बैठकीचा वाटा मोठा दिसतो.

आपल्याकडे ही बैठक आयती आहे. शिक्षण परिषद प्रत्येक केंद्रात दर महिन्याला होते. तिचा अर्धा वेळ सूचना वाचण्यात जातो, ते थांबवता येतं, सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतात. भाचीनं जेव्हा विचारलं की संशोधकानं सुरुवात कुठून करायची, तेव्हा मी म्हटलं, परिषदेतून. परवानगीचं पत्र वरून आण, ते लागतंच. पण प्रश्न घेऊन येऊ नकोस. आधी दोन परिषदा मागच्या रांगेत बस आणि शिक्षक काय विचारतात ते लिहून घे. केंद्रप्रमुखाला तुझ्या अभ्यासात कामाची जागा दे. त्याला शाळेत शिकवायला मोकळे दिवस मिळावेत हे करारातच लिहून घे, कारण ते दिवस त्याला तालुक्यातून कुणी आपण होऊन देणार नाही. आणि निकाल शाळेत त्याच वर्षी दे, मुलं त्या शाळेत असेपर्यंत.

ती म्हणाली, विद्यापीठाला प्रश्न आधी लागतो, आराखडा मंजूर व्हायला. तेही खरंच आहे. म्हणून आमच्या परिषदेत वर्षानुवर्षं येणारा एक प्रश्न इथे लिहून ठेवते, ज्याला हवा त्यानं घ्यावा.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसई-कल्याणकडे. पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं सोबत जातात. त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. काही गावांत हंगामी वसतिगृहाची सोय होते, मुलं आजीकडे राहून शिकतात. पण जी जातात त्यांच्या वाचनाचं नेमकं काय होतं? ऑक्टोबरमध्ये शब्द वाचणारं मूल जूनमध्ये अक्षरावर येतं का, की तिथेच थांबतं? भट्टीजवळच्या शाळेत बसलेलं आणि न बसलेलं मूल यांत फरक पडतो का? जायच्या आधीच्या दोन महिन्यांत रोज एक तास, हरियाणासारखा, फक्त याच मुलांना दिला तर ते टिकतं का? हे कुणी मोजलेलं मला तरी भेटलेलं नाही, आणि आमचे शिक्षक दर जूनमध्ये या मुलांना पुन्हा पहिल्या पानावरून घेतात.

हजेरीपट आहेत. कोण कधी गेलं, कधी परतलं, याच्या तारखा त्यात आहेत. हमी पत्रकांची स्थळप्रत शाळेत असते. कोणत्या पाड्याची माणसं कोणत्या भट्टीवर जातात हे आमच्या शिक्षकांना तोंडपाठ आहे. सध्याच्या केंद्रप्रमुखांशी मी बोलले आहे, ते वर्ग घ्यायलाही तयार आहेत. ज्यांना यावर काम करायचं असेल त्यांनी इथे खाली लिहावं, मी जोडून देते. फक्त दिवाळीच्या सुटीआधी या. सुटी संपून शाळा भरते तेव्हा ही मुलं पटावर असतात, वर्गात नसतात.